चिठ्ठी बांधलेली पिन

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. कागदाची नाही आणि केसांची तर मुळीच नाही. मी बंदुकीची पिन आहे! अहो, लगेच मागे सरकू नका. आता मी कुणाच्याच बंदुकीत नाही. सध्या माझा मुक्काम कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत, एका खाकी पाकिटात आहे. पाकिटाला लाखेचे सील आहे, म्हणजे मी साधीसुधी पाहुणी नव्हे!

माझी उंची तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. माझे काम काय, ते आधी सांगते. बंदुकीचा चाप ओढला की मागचा घोडा माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घालतो. मी पुढे धावते आणि काडतुसाच्या बुडाला जी इवलीशी तांब्याची टोपी असते, तिच्यावर टिचकी मारते. बस्स, एवढेच. पुढचा धडाका काडतुसाचा, नाव बंदुकीचे आणि फोटो मालकाचा! माझे नाव कुणी घेत नाही. पण मी नसले तर ती भलीमोठी बंदूक म्हणजे नुसती एक महागडी काठी.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करते. बंदुकीच्या पोटात मिट्ट काळोख असतो. समोर कोण उभे आहे, हे मला कधी दिसले नाही. मला फक्त ऐकू यायचे.

माझा जन्म एका चिंचोळ्या दुकानात झाला. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला सायकलवाला आणि मध्ये आमचे मिस्त्री. बंदुका दुरुस्त करण्याचा त्यांचा परवाना काचेच्या चौकटीत भिंतीवर होता आणि ते रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसत. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला. दुनियेचे पोलाद सरळ करतील, पण स्वतःचा चष्मा? नाव नको! दुकानात त्यांच्या मदतीला त्यांची सून असे. मिस्त्रींची नजर कमजोर झाल्यापासून वहीतल्या नोंदी, चिठ्ठ्या, सगळे लिहिणे तिच्याकडे होते.

मी एका पोलादी सळीचा तुकडा होते. मिस्त्रींनी मला लेथवर फिरवले, तापवले, तेलात बुडवले आणि मग बारीक कानशीने माझे टोक घासत बसले. घासायचे, नखावर टेकवून बघायचे, पुन्हा घासायचे.

“मामंजी, एवढ्याशा पिनेला दोन तास?” सून म्हणाली. “तेवढ्यात माझा सगळा स्वयंपाक होतो.”

“होतो ना. आणि मीठ राहतं.”

“एकदा राहिलं होतं! एकदा! दोन वर्षं झाली त्याला.”

“पिनेत एकदाही राहून चालत नाही, सूनबाई,” मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी “हं” केले.

हे ‘हं’ नीट समजून घ्या हं मित्रांनो. मिस्त्री मुळात मितभाषी. त्यांचे एक ‘हं’ म्हणजे शाबासकी, दुसरे म्हणजे ‘बघू’ आणि तिसरे म्हणजे ‘ऐकले, पण करणार नाही’. कुठले ‘हं’ कुठले, हे फक्त सुनेला कळे. माझ्या वाट्याला पहिले आले. जन्मल्या जन्मल्या शाबासकी! सांगा, आणखी काय हवे?

मी ज्या बंदुकीत बसले ती एका बागवाल्यांची होती. त्यांची फळबाग जंगलाच्या कडेला होती आणि बंदुकीच्या परवान्यावर स्वच्छ लिहिले होते, की ही बागेच्या व स्वतःच्या रक्षणासाठी आहे. बागवाले ते अक्षरशः पाळत. डुकरे बागेत शिरली की आकाशाकडे नळी करून एक बार. डुकरे पळत, झाडावरचे पक्षी उठून शिव्या घातल्यासारखे ओरडत आणि बागवाले त्यांना म्हणत, “तुम्हाला नव्हतं रे बाबांनो, बसा परत!” संध्याकाळी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, गजाने नळी साफ करून, मला तेलाचा एक थेंब देऊनच ते जेवायला बसत. वर्षातून एकदा मला मिस्त्रींकडे तपासणीला नेत. ते माझे माहेरपण. अशी अकरा वर्षे गेली. मी कुणाचा जीव घेतला नाही आणि मला गंजाचा ठिपका लागला नाही. आज मागे वळून पाहते तेव्हा त्या माणसाचे उपकार आठवून मला भरून येते.

बागवाले गेले आणि बंदूक त्यांच्या मुलाकडे आली. सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत. परवाना त्यांच्या नावाने करताना अधिकाऱ्यांनी अटींचा कागद पुढे केला. “एकदा वाचून घ्या. बंदूक तुम्हीच वापरायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. संरक्षित प्राण्यांवर चालवली तर परवाना काही वाचवणार नाही, उलट...”

“हो हो, माहीत आहे. सही कुठे करू?” धाकटे मालक म्हणाले.

वाचले असते तर दोन मिनिटे लागली असती, मित्रांनो. फक्त दोन.

मग मी दिवाणखान्याच्या भिंतीवर गेले. तेल बंद, माहेरपण बंद. पाहुणे आले की धाकटे मालक बंदूक काढत आणि खांद्याला लावून फोटो घेत. मी आत धुळीने शिंकत असे, म्हणजे मला शिंकता आले असते तर! त्यापेक्षा वाईट काही होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

एका पहाटे बंदूक जीपमध्ये ठेवली गेली. धक्के बसत होते. मालकांचा आवाज होता, दोन पाहुण्यांचे हसणे होते आणि गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका होते. ते बागवाल्यांच्या वेळेपासूनचे. गाडी थांबली. कुणीतरी कुजबुजले, “ती बघा, ती बघा!”

ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, “मालक, हे राखीव जंगल आहे. आणि हरणी गाभण दिसतेय. राहू द्या ना.”

“तू गाडीकडे बघ. बंदूक माझी, परवाना माझा. कोण काय करतंय मला?”

चाप ओढला गेला. धपाटा बसला. मी धावले आणि टिचकी मारली.

त्या दिवशी माझे काम अगदी बिनचूक झाले. तेच वाईट झाले.

नंतर एक पाहुणा म्हणाला, “चला चला, उचला पटकन.” ड्रायव्हरकाका खाली उतरले नाहीत. मालकांनी बंदूक मोडली, तशी काडतुसाची गरम रिकामी पुंगळी उडून गवतात पडली. ती कुणी शोधली नाही. घाई होती ना.

पुढचे मला नंतर कोर्टात ऐकून कळले. पुंगळी तीन दिवसांनी वनरक्षक बाईंना सापडली. रक्ताने माखलेले गवत, ओढून नेल्याच्या खुणा आणि ती. बाईंनी ती रुमालात उचलली. आठवड्याभरात आसपासच्या सगळ्या परवानाधारकांना पत्र गेले, की आपली बंदूक तपासणीसाठी जमा करा. कारण पुंगळीच्या टोपीवर माझ्या टिचकीचा ठसा होता. छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही, पण टिचकीवरून येते.

पत्र मिळाले त्याच दुपारी धाकटे मालक मला घेऊन धापा टाकत मिस्त्रींकडे आले. कितीतरी वर्षांनी माहेर! पण स्वागताला कोण आले, तर पेचकस.

“मिस्त्री, पिन बदला. बार चुकतोय.”

मिस्त्रींनी मला बाहेर काढले, नखावर टेकवले, भिंगातून पाहिले. “पिन तर ठणठणीत आहे.”

“मी सांगतोय ना? नवी घाला. आणि ही भंगारात टाका.”

“हं,” मिस्त्री म्हणाले.

धाकट्या मालकांनी नवी पिन घातलेली बंदूक घेतली, वहीत सही केली आणि गेले. आपला सगळा गुन्हा भंगारात पडला, असे त्यांना वाटले. आणि मित्रांनो, तिथेच त्यांची गंमत झाली! कारण ते ‘हं’ तिसऱ्या प्रकारचे होते.

आमच्या दुकानाची एक रीत होती. बंदुकीतून काढलेला भाग मिस्त्री वर्षभर फेकत नसत. म्हणत, बंदूक पुन्हा आजारी पडली तर जुना भाग बघून दुखणे कळते. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची, तिच्यावर बंदुकीचा नंबर, तारीख आणि भाग का काढला ते लिहायचे आणि छताला टांगलेल्या लांब तारेत तो ओवायचा. एकामागून एक, आले त्या क्रमाने.

सुनेने दोरा बांधता बांधता विचारले, “कारण काय लिहू, मामंजी? झिजली?”

“झिजली कुठे? खरं ते लिही. पिन चांगली होती. मालकाच्या सांगण्यावरून काढली.”

“एवढं सगळं? चिठ्ठी आहे की पोस्टकार्ड?”

“मग बारीक अक्षरात लिही.”

आणि मी तारेवर चढले. माझ्या आधी एक वाकडा चाप, माझ्यानंतर एक स्प्रिंग आणि एक स्क्रू. पुढचे चार महिने कुणी माझ्याकडे मान वर करूनही पाहिले नाही. पण इतक्या वर्षांनी मला पुन्हा दिसत होते! शिंप्याच्या दुकानातले रंगीत कापड, सायकलवाल्याचे पंक्चर, सुनेचे डबा उघडून मिठाची चव आधी बघणे. खोटे कशाला सांगू, मला तिथे करमत होते.

इकडे तपासणीत धाकट्या मालकांची बंदूक सुटली. नव्या पिनेचा ठसा पुंगळीशी जुळणार कसा? पण प्रयोगशाळेतल्या मॅडम हुशार. त्यांनी शेरा मारला, की बंदूक वीस वर्षांची आणि पिन मात्र काल जन्मल्यासारखी चकाकते आहे. मालकांना विचारले, तर ते बेधडक म्हणाले, “मिस्त्रींनीच झिजली म्हणून बदलायला लावली. जुनी त्यांनीच टाकून दिली.”

मग एके दिवशी मिस्त्रींना नोटीस आली. सुनेने ती उभ्या उभ्या वाचली आणि वाचता वाचता खाली बसली. उद्या सकाळी दहा वाजता वनखात्याच्या कार्यालयात वहीसह हजर राहावे. पुरावा नाहीसा करण्यास मदत करणे हा गुन्हा असून दुरुस्तीचा परवाना का रद्द करू नये, याचा खुलासा करावा.

“मामंजी, अहो, हे सगळं तुमच्या अंगावर ढकललंय त्यांनी! पिन आहे ना आपल्याकडे. घेऊन जाऊ या.”

मिस्त्रींनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले. “चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाची गोष्ट मी या उंबऱ्याबाहेर नेलेली नाही. त्याचे वडील माझ्याकडे यायचे. त्यांच्या पोराविरुद्ध साक्ष देऊ?”

“आणि तुम्ही तुरुंगात गेलात तर?”

“परवाना गेला तरी तेच. मला दुसरं काही येत नाही.”

“सायकली येतात. शिलाई मशिनं येतात. आणि तुरुंगात लेथ नसतो, सांगून ठेवते!”

मिस्त्री हसले नाहीत. मी तारेवर लटकून ऐकत होते. ओरडावेसे वाटत होते, की मिस्त्री, मी इथे आहे, वर बघा! पण पिनेला तोंड कुठले?

तेवढ्यात दारात धाकटे मालक उभे. आवाज कसा, तर नुकताच मधात बुडवलेला.

“मिस्त्रीकाका, नोटीस आली असेल ना? घाबरू नका. एवढंच म्हणायचं, पिन झिजली होती. तुमच्या वयाच्या माणसाला कोण काय करणार? दम देतील आणि सोडतील. माझं सगळं आयुष्य पुढे पडलंय हो.”

“गावात बोलतात, ती हरणी गाभण होती म्हणे,” मिस्त्री म्हणाले.

“कोण? ... हे बघा, एक जनावर गेलं म्हणून माणसानं बरबाद व्हायचं का?”

“तुमचे वडील पक्ष्यांची माफी मागायचे. बार काढल्यावर.”

“ते नाहीत ना आता.” मालकांची नजर दुकानभर फिरली. खाली भंगाराची पेटी, टेबल, खण. वर काही त्यांनी पाहिले नाही. “जुनी पिन टाकलीत ना?”

“हं,” मिस्त्री म्हणाले.

मालक खूश होऊन गेले. सुनेने दार लोटले आणि वळून कंबरेवर हात ठेवले. “मामंजी, हे कुठलं हं होतं?”

मिस्त्रींनी स्टूल ओढले. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, सुनेने स्टूल घट्ट धरले आणि मिस्त्रींचा हात माझ्याकडे आला.

“चूक माझीही आहे, सूनबाई,” ते स्टुलावरूनच म्हणाले. “चांगली पिन काढताना मी ‘का’ म्हणून विचारलं नाही. उद्या तेही सांगणार.”

“सांगा. पण नुसती पिन काढू नका. सगळी तार उतरवा. तिच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, सगळ्यांना दिसू दे.”

अशी आमची वरात निघाली! दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना वाकडा चाप, मी, स्प्रिंग, स्क्रू, सगळे तारेसकट वनखात्याच्या टेबलावर. मिस्त्रींनी स्वतःची चूक आधी सांगितली, मग मालकांची. त्यांचा आवाज सरळ होता, त्यांनी दुरुस्त केलेल्या कुठल्याही नळीइतका.

प्रयोगशाळेत मॅडमनी मला पुन्हा जुन्या बंदुकीत बसवले आणि पाण्याच्या टाकीत एक बार काढला. माझ्या आयुष्यातली ती शेवटची टिचकी. मग त्यांनी गवतातली पुंगळी आणि ही नवी पुंगळी शेजारी शेजारी ठेवून यंत्रातून पाहिली. अर्धे चित्र हिचे, अर्धे तिचे. मिस्त्रींच्या कानशीचे बारीक ओरखडे माझ्या टोकावर होते ना, तेच दोन्हीकडे उमटले होते. मॅडमनी सहकाऱ्याला हाक मारली, “इकडे या, बघा. रेघेला रेघ. एकाच माणसाचं अक्षर आहे हे.”

मी आणि अक्षर! दोन तास घासत बसल्याबद्दल मिस्त्रींचे मनातल्या मनात शंभर आभार मानले.

कोर्टात मात्र मालकांच्या वकिलांनी सोडले नाही. त्यांनी चिठ्ठी दोन बोटांत धरली. “ही नंतर लिहून बांधली नाही कशावरून?”

सून साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. “साहेब, तारेत भाग एकामागून एक जातात. मध्येच घुसवायचा तर पुढचे सगळे काढावे लागतील. आणि हिच्यानंतर ओवलेली स्प्रिंग या कोर्टाच्या दारावरच्या पहारेकऱ्यांच्या बंदुकीची आहे. त्यांनाच विचारा ना, कोणत्या तारखेला आणली होती.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पहारेकरी दचकून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “चौदा तारीख, साहेब! माझ्याजवळ पावती आहे!” न्यायाधीशांनाही हसू आवरले नाही. वहीतली मालकांची सही त्याच्या दोन दिवस आधीची होती. मग ड्रायव्हरकाका स्वतःहून पुढे आले आणि त्या पहाटेचे सगळे सांगून मोकळे झाले. सांगताना ते रडले.

निकालात न्यायाधीश म्हणाले, की परवाना म्हणजे माफीपत्र नव्हे. सरकारने विश्वासाने हातात दिलेले हत्यार जो असे वापरतो, त्याचा गुन्हा बिनपरवान्याच्या शिकाऱ्याहून तसूभरही कमी नाही. धाकट्या मालकांना शिकारीबद्दल शिक्षा झाली आणि पुरावा लपवल्याबद्दल वेगळी झाली. पाहुणेही सुटले नाहीत. मालकांचा परवाना कायमचा गेला.

मिस्त्रींना ताकीद मिळाली. खटला चालला ती दोन वर्षे त्यांचा परवाना स्थगित होता. भिंतीवर नुसती रिकामी चौकट होती आणि ते रोज सकाळी तीही पुसत, असे सुनेने कोर्टात कुणाला तरी सांगताना मी ऐकले. त्या दोन वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाची शिलाई मशिने दुरुस्त केली. आता परवाना परत मिळाला आहे. पण नव्या गिऱ्हाइकाला ते आधी ‘का’ विचारतात आणि उत्तर पटले नाही तर बंदूक परत करतात.

मित्रांनो, माझ्या टिचकीने एक जीव गेला, त्याच्या पोटातलाही गेला. ते मी विसरू शकत नाही. तरीही मी तक्रार करत नाही, कारण माझ्या वाट्याला किती चांगले हात आले! आकाशाकडेच नळी धरणारे, गवतातून पुंगळी उचलणारे, भिंगाखाली मला धरणारे आणि बारीक अक्षरात खरे लिहिणारे. आम्हा वस्तूंना हात निवडता येत नाहीत. तुम्हाला मात्र तुमचे हात कसे वापरायचे ते ठरवता येते. कुणी विश्वासाने तुमच्याकडे काही सोपवले, मग ती शाळेची किल्ली असो की लहान भावाची सायकल, तर ते कशासाठी दिले आहे, हे आधी वाचा. आणि ज्या जिवाला तुमच्यासमोर ‘नको’ म्हणता येत नाही, त्याला तर आधी जपा.

थांबा हं, कुलूप उघडल्याचा आवाज येतो आहे. आज आम्हाला भट्टीत पाठवणार आहेत. बंदूक तोडून वितळवायचा हुकूम झाला आहे आणि ती सुटी करायला कोर्टाने माहितगार कारागीर बोलावला आहे. लाख तुटली. उजेड आला. आणि समोर कोण? दोऱ्याने बांधलेला चष्मा!

“मामंजी, हीच ना ती?” सूनही आली आहे.

मिस्त्रींनी मला तळहातावर घेतले आहे. खिशातून फडके काढून ते मला पुसत आहेत, टोकापासून बुडापर्यंत, सावकाश.

कारकून हसतो आहे. “अहो मिस्त्री, भट्टीत जायचीय ती. पुसून काय करता?”

“माझ्या हातून जातेय ना,” मिस्त्री म्हणतात आणि फडक्याची दुसरी, स्वच्छ बाजू घेतात.